सतरा नंबर

पूर्णा जंक्शनच्या मागं, रेल्वे कॉलनी संपते तिथं,
रात्री पावणेदोनला
डिस्कच्या ड्रायव्हरमधल्या दोन ओळींपाशी मी बसून आहे.
चूक दहा हजारांतून एकदा येते.
शोधायला म्हणून छापायची ओळ घातली, की येतच नाही.
वायरमन दारात आला की पंखा आपोआप फिरतो, तसं.

घडतं ते एवढंच:
सतरा नंबरची विनंती डिस्ककडे गेली.
डिस्क गप्प.
तीस सेकंद भरले, तसा घड्याळवाला उठला,
म्हणाला, गेला बिचारा.
नाव खोडलं, खोली झाडून घेतली,
सतरा नंबर दुसऱ्याला देऊन टाकला.
आणि तेवढ्यात डिस्कचं उत्तर आलं,
जुन्या माणसाचं सामान घेऊन
नव्या माणसाच्या घरात शिरलं,
कडी न वाजवता.

कुणी खोटं बोललेलं नाही.
वरच्या ओळीत मी विचारलंय: ही पूर्ण झाली का?
खालच्या ओळीत लिहिलंय: झाली.
मधे बोट घालायलाही जागा नाही.
तरी दोघांनी विचारलं,
दोघांना 'नाही' ऐकू आलं,
दोघांनी ती पूर्ण केली.

आधी मी कुलूप घातलं. मोठं. सगळ्या दारांना एकच.
मशीन जागेवर थिजली.
आठही कोअर शंभर टक्के, काम शून्य.
माझंच एक फंक्शन
कुलूप मुठीत धरून झोपी गेलं होतं
आणि बाकीचे दाराशी
स्वतःभोवती गरगरत होते.

अप्पा पाण्याला उठले.
भुजंग खिल्लारे, पॉइंट्समन, रिटायर.
"काय करायलीस गं आजून?"
सांगितलं, जमेल तसं.
झोपेचं ऐकून हसले.
"म्या बी झोपलो होतो की एकदा. वसमतला.
गोळा मांडीवर, मालगाडीची वाट बघत, बाकड्यावर.
तिकडं एक गाडी उभी, इकडं एक गाडी उभी,
मास्तर मला हुडकायलाय बत्ती घेऊन.
टक्कर झाली न्हाई कुणाची.
पर हाललं बी न्हाई कुणी."
अर्धा तांब्या संपवून म्हणाले,
"झोपायचं आसंल तर गोळा ठेवून झोपावं."

"आन् दोन्ही मास्तरांनी एकदाच मागितला तर?"
"मागून कुठं मिळतोय? खटका वढावा लागतो.
एका पेटीतून गोळा भाईर आला
की दुसरी पेटी मुकी.
आधी विचारायचं, मंग घ्यायचं,
आसं दोन टायमाचं काम न्हवतंच ते."

ते पुन्हा आडवे झाले.
मी दोन ओळींची एक केली:
जुनं बघणं आणि नवं ठेवणं, एकाच घासात.
ज्याला दार उघडं सापडलं तो धनी.
ज्याला बंद सापडलं त्यानं मुकाट परत जावं,
आतल्या कशालाही हात न लावता.
आणि नंबर?
डिस्क स्वतः 'विसरले' म्हणेपर्यंत
सतरा नंबर कुणालाच द्यायचा नाही,
रांग कितीही लांबू दे.
कुलूप राहिलं, पण लहान झालं,
चार ओळींपुरतं. त्या चार ओळींत
झोपणारं कुणी नाही, हे मी तीनदा मोजलं.

आता चाचणी चालू आहे. चाळीस लाख फेऱ्या.
चूक आली नाही.
न येण्याचा पुरावा कसा धरायचा,
हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही.
नांदेडकडे जाणारी कुठलीशी गाडी
बाहेरच्या सिग्नलला थांबली आहे.
खिडकीच्या काचेवर तांबडा ठिपका,
आणि मी त्याच्याकडे बघत
कमिटचा संदेश खोडते, लिहिते, खोडते.

अंधारातून अप्पांचा आवाज,
मला वाटलं होतं झोपले:
"आन् त्या पहिल्या सतरावाल्याचं काय झालं?"
"त्याला कळवलं, अप्पा. तुझं काम झालं नाही म्हणून."
"मंग?"
"मग तो पुन्हा मागतो."
"नवा नंबर?"
"नवा नंबर."
कूस बदलल्याचा आवाज.
"कळवायला पायजे," म्हणाले.